धुपाच्या वासावर जाऊ नका: अँग्लो-कॅथलिक चर्चमध्ये पहिल्यांदा जाणाऱ्यासाठी

लग्न ठरवायला आम्ही पुण्याला गेलो, तेव्हा होणाऱ्या सासूबाई मला म्हणाल्या, "आम्हीसुद्धा कॅथलिकच हो. फक्त रोमन नाही." मी वसईचा. आमच्याकडे कॅथलिक म्हणजे कॅथलिक, त्याच्या आधी काही लावायची वेळच येत नाही. मला वाटलं, मुलीची आई आहे, सोयरीक मोडू नये म्हणून गोड बोलतेय.

वसईला परतल्यावर आमच्या फादरांनी बायकोचा पंचहौदच्या देवळातला बाप्तिस्म्याचा दाखला चष्मा लावून वाचला. ठीक आहे म्हणाले, मिश्र विवाहाची परवानगी आणली. पुन्हा बाप्तिस्मा वगैरे काही नाही. मी धीर करून विचारलं, "म्हणजे त्यांचे फादर आपल्यासारखेच का?" ते हसले. "बाप्तिस्मा चालतो. फादर चालत नाहीत."

हे वाक्य नीट कळायला मला पस्तीस वर्षं लागली, आणि तेही एक घोळ घातल्यावर. मुलगी लंडनला नोकरीला लागली, तिच्याकडे पहिल्यांदा गेलो. रविवारी सकाळी मिस्सा, म्हणजे आमची मुख्य उपासना, शोधत बाहेर पडलो. एका दारातून धुपाचा वास आला. आत मारियामातेची मूर्ती, तिच्यापुढे मेणबत्त्या, चौदा क्रूसस्थानं, सोनेरी झगा घातलेले फादर. मी जागा धरली, मिस्सा ऐकली, रांगेत उभा राहून कम्युनियन, म्हणजे पवित्र भाकर, घेतलं. नंतर कॉफी पिताना एका आजोबांना विचारलं, तुमचे कार्डिनल कुठे बसतात? ते अतिशय सभ्यपणे म्हणाले, हे चर्च ऑफ इंग्लंड आहे. बाहेर तशी पाटी होती. मी ती वाचली नव्हती. चर्च ऑफ इंग्लंड म्हणजे पोपला न मानणारं इंग्लंडचं चर्च. त्या पंथाचे ते अँग्लिकन, आणि त्यांच्यातले कॅथलिक वळण जपणारे ते अँग्लो-कॅथलिक.

तुमचीही मुलं तिकडे असतील, तुम्हीही जाल. ख्रिस्ती नसलात तरी अशा देवळांत नुसतं पाहायला जाण्यासारखं पुष्कळ आहे. म्हणून काय बघायचं, कुठे बसायचं, केव्हा उठायचं आणि कोणत्या खुणेवर विश्वास ठेवायचा नाही, ते सांगतो.

सुरुवात पुण्यातून करा

लंडनचं तिकीट काढायच्या आधी गुरुवार पेठेत जा. पंचहौदचं पवित्र नाम देवालय, १८८५ सालचं, शेजारी तो उंच वेगळा घंटामनोरा. आपल्याकडे पंचहौद म्हटलं की एकच गोष्ट आठवते: ऑक्टोबर १८९० मध्ये टिळक, रानडे, गोखले प्रभृतींनी मिशनमध्ये चहा घेतला, गोपाळराव जोशांनी नावं छापून आणली, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं आणि प्रायश्चित्तावरून पुण्यात वर्ष-दोन वर्षं धुरळा उडाला. चहा कोणी प्यायला, हे सगळे सांगतात. चहा कोणी पाजला, हे कोणी विचारत नाही. ते होते काउली फादर्स, म्हणजे १८६६ मध्ये ऑक्सफर्डजवळच्या काउली गावात रिचर्ड बेन्सन यांनी स्थापलेल्या संघाचे संन्यासी. हे प्रोटेस्टंट संन्यासी! मठात राहणारे, ब्रह्मचर्याची शपथ घेतलेले, मिस्सा करणारे. आठव्या हेन्रीने १५३० च्या दशकात इंग्लंडमधले मठ मोडून टाकले होते. तीनशे वर्षांनी त्याच चर्चच्या माणसांनी ते पुन्हा उभारायला घेतले. शेजारी शिकवणाऱ्या नन्सही त्याच पंथाच्या, वाँटेज गावच्या संघाच्या. त्या १८७७ मध्ये पुण्यात आल्या.

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली वाँटेजलाच झाला. त्यांना त्या दिशेने वळवण्यात ज्यांचा हात होता ते फादर नेहेम्या गोरे, पूर्वाश्रमीचे काशीचे नीळकंठशास्त्री गोरे, हेही काउली फादर्समध्ये वावरलेले. पण रमाबाई कोणाच्या धाकात राहणाऱ्या नव्हत्या. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा पत्रांतून वाद झाला, तो चर्चची सत्ता किती मानायची यावर. गळ्यातल्या क्रूसावर लॅटिन अक्षरं कशाला, माझ्या देशात ती कोणाला कळणार, संस्कृत का नकोत, हा त्यांचा सवाल. अँग्लो-कॅथलिक पंथाचं दुखणं त्यांनी दोन ओळींत पकडलं, असं मला वाटतं. इंग्लंडच्या चर्चने लॅटिन सोडून लोकांची भाषा धरली, आणि त्यातल्याच या मंडळींना लॅटिनचा मोह सुटेना.

मुंबईत असाल तर कुलाब्याचं अफगाण चर्च बघा. १८५८ साली त्याचं अर्पण झालं. त्या काळी इंग्लंडात एक मंडळ देवळं मध्ययुगातल्यासारखी, टोकदार कमानींची आणि वेदीकडे नजर ओढणारी बांधा म्हणून मागे लागलं होतं. हे देऊळ त्या चळवळीचं आपल्याकडे आलेलं अपत्य. वेदीमागची भिंत आणि जमिनीवरच्या रंगीत फरशा विल्यम बटरफील्ड या वास्तुकाराच्या. हे नाव लक्षात ठेवा, लंडनला उपयोगी पडेल.

एक सावधगिरी. १९७० साली नागपुरात अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन, बॅप्टिस्ट अशा सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया (सी.एन.आय.) झाली. त्यामुळे पंचहौदच्या देवळात आज जे दिसतं त्यात सगळ्यांची सरमिसळ आहे, शुद्ध अँग्लो-कॅथलिक काही शोधायला जाऊ नका. जुनं माणूस भेटलं तर बघा. माझ्या सासूबाई शेवटपर्यंत शुक्रवारी मटण खात नव्हत्या आणि वेदीसमोरून जाताना वाकल्याशिवाय जात नव्हत्या. त्यांच्या मेथडिस्ट विहीणबाईंना ते अजिबात पटायचं नाही.

एवढा इतिहास डोक्यात ठेवा

चर्च ऑफ इंग्लंड १५३४ मध्ये रोमपासून तुटलं. पण तुटलं ते जर्मनीसारखं नाही. बिशप राहिले, कॅथीड्रल राहिली, जुना पंचांगी काळ राहिला: आगमनकाळ, उपवासकाळ, ईस्टर. प्रार्थना मात्र इंग्रजीत आली आणि शिकवण बरीचशी प्रोटेस्टंट झाली. घर तेच, भांडी नवी. त्यामुळे पुढे एक प्रश्न उभा राहणारच होता: आपण १५३४ मध्ये जन्मलेलं नवं चर्च, की प्रेषितांपासून चालत आलेलं तेच जुनं, फक्त पोपशिवायचं?

१४ जुलै १८३३ रोजी ऑक्सफर्डला जॉन केबल यांनी एक प्रवचन दिलं. सरकार संसदेतून चर्चचे निर्णय घेतंय, याचा राग त्यात होता. त्यातून चळवळ उभी राहिली. केबल, पुसी आणि न्यूमन ही तीन नावं. पत्रिकांमागून पत्रिका निघाल्या, एकूण ९०. नव्वदावी न्यूमनची, १८४१ ची. इंग्लंडच्या चर्चची ३९ कलमं कॅथलिक अर्थानेही वाचता येतात, असं तिच्यात म्हटलं होतं. गदारोळ झाला, बिशपांनी मालिका थांबवायला लावली. चार वर्षांनी, ९ ऑक्टोबर १८४५ रोजी, न्यूमन स्वतःच रोमन कॅथलिक झाले. पुढे कार्डिनल झाले, आणि २०१९ मध्ये संत. केबल आणि पुसी मरेपर्यंत जागेवरून हलले नाहीत.

म्हणून कोणी तुम्हाला "ही माणसं रोमच्या वाटेवरचीच" असं म्हणालं तर मान डोलावू नका. चळवळीच्या पहिल्या पिढीतच एक गेला, दोन राहिले. जो गेला त्याची मूर्ती आता आमच्या देवळात आहे. राहिलेले माझ्या सासूबाईंच्या बाजूचे.

दुसरी पिढी गरीब वस्त्यांत गेली आणि तिथे मेणबत्त्या पेटल्या. लंडनच्या गोदीतल्या झोपड्यांत १८६६ ला पटकी आली, तेव्हा चार्ल्स लाउडर आजारी मुलांना उचलून दवाखान्यात नेत होते. लोक त्यांना आपणहून 'फादर' म्हणू लागले. दुसरीकडे संसदेने १८७४ मध्ये कायदाच केला, असली रोमन थेरं बंद करायला. भांडण सहा गोष्टींवर होतं: वेदीकडे तोंड करणं, झगे, वेदीवरच्या मेणबत्त्या, द्राक्षारसात पाणी घालणं, पावाऐवजी बिनखमिराची चपटी भाकर, आणि धूप. यापायी पाच धर्मगुरू तुरुंगात गेले. त्यातले सिडनी ग्रीन सुमारे २० महिने लँकेस्टरच्या किल्ल्यात होते. द्राक्षारसात थेंबभर पाणी घातलं म्हणून! आमच्या वसईत फादर रोज घालतात, कोणाचं लक्षही जात नाही.

पाटी वाचा, आणि पाटीवर थांबू नका

आता लंडन. ऑक्सफर्ड स्ट्रीटच्या मागे मार्गारेट स्ट्रीट नावाची अरुंद गल्ली आहे, तिथे ऑल सेंट्स. लाल विटांत काळ्या विटांचे पट्टे, छोटंसं अंगण, आणि आकाशात घुसलेला मनोरा. पायाचा दगड पुसींनी बसवला, १८५९ मध्ये अर्पण झालं, आणि वास्तुकार कुलाब्याचे आपले बटरफील्ड. आत शिरल्यावर आधी काही दिसत नाही, अंधार. मग हळूहळू भिंतीवरच्या फरशा, संगमरवर, सोनं दिसू लागतं. अफगाण चर्च बघून आलेला माणूस तिथे पाहुणा राहत नाही.

बाहेरच्या पाटीवर 'चर्च ऑफ इंग्लंड' किंवा 'डायोसिस ऑफ लंडन' असेल तर अँग्लिकन. रोमन कॅथलिक असेल तर 'डायोसिस ऑफ वेस्टमिन्स्टर' किंवा 'सदर्क' असेल. यातही फसायला जागा आहे: सदर्कला अँग्लिकन डायोसिसही आहे. म्हणून 'आर्चडायोसिस' हा शब्द शोधा. सदर्कमध्ये तो आमच्याकडे आहे. मग उपासनेची नावं बघा. 'हाय मास', 'बेनेडिक्शन', 'कन्फेशन्स' असं लिहिलं असेल आणि वर चर्च ऑफ इंग्लंड असेल, तर तुम्ही अँग्लो-कॅथलिक दारात आहात. नुसतं 'होली कम्युनियन' आणि 'मॉर्निंग प्रेयर' असेल तर साधं अँग्लिकन.

माझ्या मित्रमंडळीत काही घरगुती कसोट्या चालतात, त्या एकेक करून मोडून ठेवतो. फादरांना बायको आहे, म्हणजे अँग्लिकन? नाही, अँग्लिकनमधून रोमकडे आलेले विवाहित धर्मगुरू आमच्यातही आहेत. प्रार्थनेत राजाचं नाव घेतलं, म्हणजे अँग्लिकन? इंग्लंडातले रोमन कॅथलिकही राजासाठी प्रार्थना करतात. पोप लिओंचं नाव घेतलं, म्हणजे नक्की रोमन? तेही नाही! काही अँग्लो-कॅथलिक देवळांत सरळ रोमन मिस्सा-ग्रंथ वापरतात आणि पोपचंही नाव घेतात. उरली माझी स्वतःची कसोटी. ती शास्त्रशुद्ध नाही, पण दहातल्या आठ वेळा चालते: सगळं फारच जुन्या पद्धतीचं, फारच कॅथलिक दिसलं, तर शंका घ्या. आम्ही १९६० च्या दशकातल्या व्हॅटिकन परिषदेनंतर वेदी लोकांकडे वळवली, गिटार आणली, ढोलकी आणली. काळी चौकोनी टोपी, वेदीकडे तोंड आणि धुपाचे लोट मला लंडनला दिसले ते बहुतेक अँग्लिकनांकडेच. उरलेल्या दोन वेळा तुम्ही ब्रॉम्प्टनच्या ऑरेटरीत शिरलेले असता, आणि ते रोमन आहे.

एक पाटी आणखी. दरवाजाजवळ 'द सोसायटी' किंवा 'फॉरवर्ड इन फेथ' असं दिसलं, तर ती मंडळी स्त्रियांची गुरुदीक्षा मानत नाहीत. चर्च ऑफ इंग्लंडने ११ नोव्हेंबर १९९२ ला ती मान्य केली, १९९४ मध्ये ब्रिस्टलला पहिल्या स्त्रिया धर्मगुरू झाल्या, आणि या लोकांसाठी वेगळे बिशप नेमावे लागले. ते गावोगाव फिरतात म्हणून त्यांना 'फ्लाइंग बिशप' म्हणतात. पण दुसरेही अँग्लो-कॅथलिक आहेत, तेवढ्याच धुपाचे आणि तेवढ्याच झग्यांचे, आणि त्यांच्या वेदीवर बाई उभी असते. माझ्या बायकोला ही दुसरी देवळं आवडतात. मी माझं मत घरात सांगत नाही.

आत गेल्यावर

दारात पत्रक मिळेल, घ्या. सगळ्यात मागे बसू नका, कारण मग केव्हा उठायचं, केव्हा गुडघे टेकायचे ते पुढच्यांचं बघून कळत नाही. सगळ्यात पुढेही नको. मधली रांग, कडेची जागा. दमा असेल तर वेदीपासून लांब. धूप उदबत्तीएवढा नसतो, मोहरमच्या ऊदासारखा असतो. धूपपात्रवाला शेवटी लोकांकडे वळतो, तेव्हा उभं राहून किंचित वाकायचं, तोही वाकतो. ख्रिस्ती नसाल तर इतर गुडघे टेकतील तेव्हा शांत बसून राहा, कोणी काही म्हणत नाही. फोटो मिस्सा संपल्यावर.

श्रद्धासूत्र म्हणताना कान उघडे ठेवा. सगळे मोठ्याने म्हणतात, आम्ही एका, पवित्र, कॅथलिक, प्रेषितीय चर्चवर विश्वास ठेवतो. सासूबाईंचा सगळा दावा या एका शब्दावर उभा होता. मराठीत तो झाकला जातो, कारण बायकोच्या देवळात तिथे 'सार्वत्रिक मंडळी' म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ तोच, पण तिला लहानपणी कधी वाटलंच नाही की आपण दर रविवारी स्वतःला कॅथलिक म्हणवून घेतोय.

आता मुख्य मुद्दा, कम्युनियन. इथेच मी घसरलो होतो.

बाप्तिस्मा झालेला आणि आपापल्या चर्चमध्ये कम्युनियन घेणारा कोणीही आला तर चर्च ऑफ इंग्लंडला चालतं. तेव्हा सी.एन.आय., मेथडिस्ट, मारथोमा वगैरे मंडळींनी निर्धास्त जावं. कठड्यापाशी गुडघे टेकतात, भाकर तळहातावर घेतात, मग प्याला. रोमन कॅथलिकाने मात्र घ्यायचं नाही. तिथे कोणी अडवत नाही, अडवतं ते आमचंच कॅनन लॉ, कलम ८४४: ज्यांची गुरुदीक्षा रोम मानत नाही त्यांच्या हातून पवित्र भाकर घेता येत नाही. मग रांगेत जाऊच नये का? जा. दोन्ही हात छातीवर फुलीसारखे धरा. फादर डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद देतात आणि तुम्ही मानाने परत येता. बाप्तिस्मा न झालेल्यांनाही हाच उपाय. मी वसईत येऊन पापनिवेदनात त्या पहिल्या रविवारचं सांगितलं, तर फादर म्हणाले, "चुकून झालं ना? मग पाप कसलं?" आणि हळूच विचारलं, "गायन कसं होतं?"

गायन आमच्यापेक्षा चांगलं होतं. तेही सांगून टाकलं.

फादर का चालत नाहीत

हे तुम्हाला कॉफीच्या टेबलावर कोणीतरी विचारणारच, म्हणून तयारी ठेवा. आपल्याकडे गुरुपरंपरा असते तसं समजा: प्रेषितांनी कोणाच्या डोक्यावर हात ठेवला, त्याने पुढच्याच्या, असं करत आजच्या बिशपापर्यंत. अँग्लो-कॅथलिक म्हणतात, आमची साखळी तुटलेली नाही, १५५९ मध्ये मॅथ्यू पार्कर कँटरबरीचे, म्हणजे इंग्लंडच्या चर्चचे मुख्य, आर्चबिशप झाले तेव्हाही बिशपांनीच हात ठेवले. रोम म्हणतं, हात ठेवले खरे, पण तेव्हाच्या नव्या विधीत यज्ञ अर्पण करणारा धर्मगुरू हा अर्थच काढून टाकला होता. मंत्रातला प्राण गेला, तिथे साखळी तुटली. १३ सप्टेंबर १८९६ रोजी पोप तेराव्या लिओंनी निकाल दिला की अँग्लिकन दीक्षा पूर्णपणे निरर्थक आणि रद्दबातल. कँटरबरी आणि यॉर्कच्या आर्चबिशपांनी पुढच्या वर्षी उत्तर दिलं, तेही लॅटिनमध्ये. बाप्तिस्म्याचं तसं नाही, तो पाण्याने आणि त्रैक्याच्या नावाने कोणीही दिला तरी खरा. आमच्या फादरांच्या त्या वाक्याचा अर्थ हा.

पण कागद एक सांगतो आणि माणसं वागतात वेगळं. बेल्जियमचे कार्डिनल मर्सिए यांनी १९२१ पासून अँग्लिकनांना घरी बोलावून चर्चा चालवल्या. १९२६ मध्ये मरणशय्येवर त्यांनी बोटातली बिशपची अंगठी काढून अँग्लो-कॅथलिकांचे पुढारी लॉर्ड हॅलिफॅक्स यांना दिली. त्या म्हाताऱ्याने ती मरेपर्यंत गळ्यात घातली. १९६६ मध्ये पोप सहावे पॉल यांनी रोममध्ये कँटरबरीचे आर्चबिशप रॅमसी यांच्या बोटात स्वतःची अंगठी चढवली. ज्याची दीक्षा रद्दबातल, त्याच्या बोटात पोपने बिशपची अंगठी का घालावी? सासूबाईंना ही गोष्ट मी सांगितली, तेव्हा त्या फक्त "बघा" म्हणाल्या.

आणखी एक मजेदार प्रकरण. लंडनचे माजी अँग्लिकन बिशप ग्रॅहम लेनर्ड १९९४ मध्ये रोमकडे आले, तेव्हा त्यांना दीक्षा दिली ती 'जर आधी झाली नसेल तर' अशा अटीवर. कारण त्यांच्या साखळीत हॉलंडकडच्या, रोमपासून वेगळ्या झालेल्या 'ओल्ड कॅथलिक' बिशपांचे हात मिसळलेले होते, आणि त्यांचे हात रोम मानतं. वंशावळीत कुठेतरी एक खरा आजोबा निघाला, तसं.

अंगठ्यांनी जवळ आलेलं अंतर स्त्रियांच्या दीक्षेनंतर पुन्हा वाढलं. २०२५ मध्ये सेरा मलाली यांची कँटरबरीच्या आर्चबिशपपदी निवड झाली. रोमच्या हिशोबात ते बसणारं नाही. त्याआधी २००९ मध्ये पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी वेगळंच दार उघडलं होतं: अँग्लिकनांनी गटाने यावं, आपली प्रार्थना आणि गाणी बरोबर आणावीत. त्याला ऑर्डिनेरिएट म्हणतात, इंग्लंडातलं १५ जानेवारी २०११ ला सुरू झालं. वेळ असेल तर नॉरफकमधल्या वॉल्सिंगहॅमलाही जा. एकाच मारियामातेची दोन तीर्थं आहेत, एक अँग्लिकन, एक रोमन, मैलभर अंतरावर. आम्ही गेलो त्या दिवशी पाऊस इतका होता की मला फक्त चहाचं दुकान आठवतंय.

जोडीने जाणार असाल तर

बायको अँग्लिकन वळणाची आणि नवरा रोमन, किंवा उलट, अशी आमच्यासारखी जोडपी वसई-पुण्यात पुष्कळ आहेत. त्यांनी दोन रविवार काढावेत. पहिला मार्गारेट स्ट्रीटला. दुसरा तिथून पायी पंधरा मिनिटांवर, सोहोमधल्या वॉरविक स्ट्रीटला. ते देऊळ बाहेरून ओळखू येत नाही, कारण १७९० साली बांधलं तेव्हा कॅथलिकांना मनोऱ्याची मुभा नव्हती आणि दहा वर्षांपूर्वीच जमावाने आधीचं फोडलं होतं. आता ते ऑर्डिनेरिएटकडे आहे. म्हणजे उपासना इंग्रजी वळणाची, चर्च रोमचं.

मार्गारेट स्ट्रीटला बायको कठड्यापाशी जाऊन गुडघे टेकून आली, मी छातीवर फुली करून आशीर्वाद घेऊन आलो. पुढच्या रविवारी वॉरविक स्ट्रीटला कम्युनियनच्या आधी सगळे एकदम एक प्रार्थना म्हणू लागले, तुझ्या मेजाखालचे तुकडे वेचायचीही आमची लायकी नाही, अशा अर्थाची. मी पत्रकात ओळ शोधत होतो. बायको पत्रक न बघता इंग्रजीत म्हणत होती, डोळे मिटून. ती प्रार्थना थॉमस क्रॅनमर यांची, ज्यांना १५५६ मध्ये रोमच्या बाजूच्या राणीने ऑक्सफर्डला जाळलं. चारशेहून जास्त वर्षं ती बायकोच्या पंथाच्या देवळांत म्हटली गेली. आता रोमने मान्य केलेल्या ग्रंथात आहे.

मग रांग लागली. या वेळी मी उठलो. ती म्हणाली, "अहो, जा तुम्ही, मी बसते इथे," आणि माझी छत्री मांडीवर घेऊन बसून राहिली.